हंड्यात उतरलेली ग्रॅनी

तांबवड्यात परगावाहून मारलेली हाक पितळेच्या भांड्यात उतरते आणि झाकण उघडलं की ऐकू येते. यात तिथे कुणाला विशेष वाटत नाही. नवीन सून गावात आली की तिला पाण्याची वेळ सांगतात, दळणाचा वार सांगतात, आणि त्याच दमात हेही सांगतात.

पूर्वी घरोघरी पितळेचे हंडे-कळश्या होत्या, तेव्हा ज्याची हाक त्याच्या घरी यायची. वसतिगृहात पोरगं तापाने फणफणलं आणि आईला हाक मारली, की इकडे मोरीजवळची कळशी बोलायची. मग स्टील आलं. स्टील घासायला हलकं, दिसायला छान, पण हाक धरत नाही. घरोघरचं पितळ मोडीत गेलं आणि हाका बिचाऱ्या गावावर घिरट्या घालून जिथे पितळ उरलं होतं तिथे उतरायला लागल्या. पितळ उरलं होतं एकाच ठिकाणी, बाजारपेठेतल्या मुरलीधर रासन्यांच्या भांड्यांच्या दुकानात.

रासनेशेठ चौथी शिकलेले. बाकीचं शिक्षण गिऱ्हाइकांकडून झालेलं. मराठी वर्तमानपत्रावर वाचायला शिकले, इंग्रजी, माल यायचा त्या खोक्यांवर. माणूस गोड, पण बारीक नजरेचा. बाईने भांडं कसं हातात धरलं यावरून ते माहेरी द्यायचं आहे की सासरी, हे ओळखणारा. हाकांचं काम अंगावर आलं तेव्हा त्यांनी कुरकुर केली नाही. उलट त्याची रीत बसवली. सकाळी दुकान उघडलं की प्रत्येक भांड्याला टिचकी मारायची. रिकामं भांडं खणखणतं. हाक असलेलं दबकं बोलतं. मग झाकण बोटभर सरकवून कान लावायचा. तेवढ्याने हाक उडत नाही, पण आत कुणाचं नाव आहे ते कळतं. मग त्या माणसाला निरोप धाडायचा.

ही रीत बसायला एक भांडण कारणीभूत झालं होतं. सुरुवातीला शेठ तपासून बघत नसत, आणि वाण्याच्या धोंडीरामने एक घागर घेऊन घरी नेली. बायकोने झाकण काढलं तर आतून घोगऱ्या आवाजात "राधे!" धोंडीरामच्या बायकोचं नाव सुभद्रा. पुढचं सांगायला नको. ती हाक खालच्या आळीतल्या राधाक्कांना त्यांच्या भावाने मारलेली होती, हे पटवायला शेठना स्वतः जावं लागलं, आणि तरीही सुभद्रा त्या घागरीत पाणी भरत नाही.

दुसरी गोष्ट साळुंख्यांच्या फौजी पोराची. सरहद्दीवरून त्याने आईला हाक मारली आणि चार-आठ दिवसांत त्याला रजा मिळाली. तो घरी आला आणि हाक त्याच्या मागून. निरोप गेला तेव्हा आई त्याला भाकरी वाढत होती. ती दुकानात आली, ओ दिली, परत गेली, आणि पोराला म्हणाली, "तुलाच दिली रे, खा." शेठ ही गोष्ट सांगताना दर वेळी हसतात आणि दर वेळी चष्मा पुसतात.

आता ओ देण्याचं. झाकण पूर्ण काढलं की हाक वाजते. जिची आहे तिने भांड्यात तोंड घालून "ओ" म्हणायचं. ओ आल्या वाटेने परत जाते आणि हाक मारणाऱ्याला तिकडे बरं वाटतं. ओ दिली नाही तर हाक उडून जाते, वाट बुजते, आणि भांडं विकायला मोकळं होतं. पण तांबवड्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. भूत एकदाच हाक मारतं. एका हाकेला ओ देऊन बसलं तर काय मागे लागेल याचा भरवसा नाही. पहिली जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, तिसरीला ओ द्यायची, हे तिथल्या पोरांना दुधाबरोबर पाजतात. हाक मारणाराही तिथलाच, त्यालाही हे ठाऊक. म्हणून तो मारतोच तीनदा. आजवर यात कधी खोट आली नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मोठ्या हंड्याला टिचकी मारली तर तो दबका बोलला. शेठनी झाकण सरकवून कान लावला. आतून लहान पोरीच्या आवाजात एक शब्द आला. त्यांनी झाकण बंद केलं, थोडा विचार केला, आणि समोरून चाललेल्या घोडकेसरांना आत बोलावलं. घोडकेसर हायस्कुलात इंग्रजी शिकवतात.

सरांनी कान लावला. "ग्रॅनी," ते म्हणाले.

"हे नाव आहे की गाव?"

"नातं आहे. ग्रॅनी म्हणजे आजी. पण पुस्तकी नव्हे, घरगुती. लाडाने म्हणायचं."

"आईची आई की बापाची आई?"

"इंग्रजीत तसा भेद नाही."

"मग कसं कळणार कुणाची ते?"

"त्यांच्याकडे हाक मारणाऱ्याला कळलं की पुरतं," सर म्हणाले.

तांबवड्यात आज्यांना तोटा नाही. पण ग्रॅनी एकही नव्हती. शेठनी दुकानाबाहेर पाटी लावली नाही, कारण पाटीची गरज पडत नाही. ते घोडकेसरांना चहा पाजेपर्यंत बातमी नदीपलीकडे गेली.

पहिल्या आल्या मालनबाई सरनोबत. साऱ्या गावाच्या माई. मुलगा लंडनला, मोठ्या हुद्द्यावर, दोन नातवंडं. माईंनी खुर्ची मागून घेतली. "इंग्लंडातून आलीय म्हणजे आमच्याकडचीच असणार. दुसरं कोण आहे या गावात इंग्लंडचं?"

"पण माई, तुमची नातवंडं तुम्हाला आजी म्हणतात ना?" शेठनी विचारलं. "तुम्हीच सांगितलं होतं, दर रविवारी फोनवर 'आजी, शुभंकरोती म्हणू का' म्हणून."

"समोर आजी म्हणतात. पाठीमागे लाडाने ग्रॅनी म्हणत असतील."

"पाठीमागे लाडाने कोण काय म्हणतं हे आपल्याला कधी कळलंय, माई?"

"चावटपणा पुरे, मुरलीधर. हंडा काढ."

तेवढ्यात पायरीवर प्रमिलाबाई हिंगमिरे येऊन उभ्या राहिल्या. त्यांची स्टँडजवळ पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली, पट्टा स्वतः चढवतात, जात्याला टाकी स्वतः लावून घेतात. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय, त्यामुळे त्या हळू बोलल्या तरी समोरच्या पानवाल्याला ऐकू जातं. केसांवर, भुवयांवर पीठ होतं. घाईत चालू गिरणी बंद करून आल्या होत्या, हे शेठनी ओळखलं. प्रमिलाबाई दळण अर्धं टाकून कधी येत नाहीत.

त्यांनी काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "शेठ, पोरीचा आवाज आहे म्हणतात?"

"आहे."

"केवढीशी असेल?"

"शाळेत जायला लागलेली असेल, वहिनी. दात पडलेला वाटतो."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. हिशेब जुळत होता. त्यांची लेक वैजयंती नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथेच तिने एका परदेशी माणसाशी लग्न केलं. हिंगमिऱ्यांनी घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगितलं, आणि प्रमिलाबाईंनी ते मोडलं नाही. नाव काढायचं नाही म्हटल्यावर हाक कशी मारणार? लेकीनेही मग हाक मारली नाही. मारली असती तर शेठना कळली असती. हिंगमिरे गेल्यावर त्यांनी शोध केला, तर जुना नंबर बंद, जुना पत्ता रिकामा. मध्ये कुणाकडून तरी कळलं की मुलगी झाली. नाव काय ठेवलं, कुणावर गेली, काही नाही. आपली नात आहे आणि तिला हाक मारायला आपल्याकडे शब्द नाही, अशा अवस्थेत ती बाई कित्येक वर्षं गावाला पीठ दळून देत होती.

माई म्हणाल्या, "प्रमिला, तुझ्या लेकीने तुझं नाव टाकलंय. तिची पोर तुला कशाला हाक मारील?"

"तेच तर बघायचंय, माई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "टाकलं असतं तर पोरीला कळलं कसं असतं की मी आहे?"

शेठना मुद्दा पटला. ज्या घरात आजी हा शब्द शिकवतात त्या घरातून ग्रॅनी कशाला येईल? ही हाक अशा घरातली, जिथे पोरीला शब्द कुणी शिकवला नाही, पण माणूस आहे एवढं मात्र सांगितलं. मग पोरीने शाळेतून मिळेल तो शब्द घेतला आणि त्याच्यावर भागवलं. पण शेठ व्यापारी. दोन गिऱ्हाइकं एका भांड्याला हात लावून उभी असताना कुणाच्या बाजूने बोलायचं नसतं. त्यांनी प्रकरण हाकांचे तंटे सोडवायला गावाने नेमलेल्या हाक समितीकडे दिलं.

हाक समितीचे अध्यक्ष तोडकरअण्णा, निवृत्त तलाठी. समितीची सभा दुकानातच भरली, हंडा मध्ये ठेवून. अण्णांनी सुरुवातीलाच सांगितलं, "शब्दाचा अर्थ निश्चित झाल्याशिवाय मालकी ठरणार नाही. सर, वाचा."

घोडकेसरांनी जाड शब्दकोश आणला होता. "ग्रॅनी. आजी, बोलण्यातला शब्द, मायेचा. कुणाही म्हाताऱ्या बाईला थट्टेनेही म्हणतात."

"थट्टेने का?" अण्णा म्हणाले. "मग हाक थट्टेची नाही याला पुरावा काय?"

"मी ऐकलीय, अण्णा," शेठ म्हणाले. "थट्टेची हाक हंड्यात टिकत नाही. ताटलीत फार तर."

"नोंद झाली. पुढे?"

"एक गाठही आहे त्या नावाची. भलत्या बाजूने मारलेली. दिसायला पक्की, पण ताण पडला की निसटते."

"म्हणजे प्रमिलेचंच घर," माई पुटपुटल्या. माईंचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू यावं असंच असतं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "पुढे वाचा, सर."

"एक हिरवं आंबट सफरचंद असतं. आणि... घराला जोडून किंवा परसात एक लहानशी खोली बांधतात, तिलाही ग्रॅनीचं नाव आहे. आजीने येऊन राहावं म्हणून. तिला वेगळी मोरी, वेगळी चूल."

"खोली?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "आजी आलेली नसली तरी बांधतात?"

"शब्दकोशात तसं दिलेलं नाही, ताई."

"रिकामी ठेवत असतील मग. येईपर्यंत."

अण्णांनी घसा साफ केला. अर्थाने काही ठरत नव्हतं. दोन्ही बायका आज्या, दोघींची नातवंडं इंग्लंडात, दोघीही आंबट सफरचंद नाहीत. शेवटी समितीने नियमाला धरून निर्णय दिला. सोमवारी सकाळी सगळ्यांसमक्ष झाकण काढायचं. दोघींनी हंड्याच्या दोन बाजूंना बसायचं. जिची ओ आधी जाईल तिची हाक. एकदा ओ गेली की तक्रार चालणार नाही.

सभा उठल्यावर प्रमिलाबाई मागे थांबल्या. "शेठ, माझी नसली तर?"

"तर ओ देऊ नका."

"आणि माझी असून माईंची ओ आधी गेली तर ती पोर काय समजेल?"

"समजेल की ग्रॅनी आहे."

"पण ती माई असेल."

"हो," शेठ म्हणाले. त्यांनी नुसतं हो म्हटलं, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर ते मलम झालं असतं, आणि प्रमिलाबाई मलम विकत घेणाऱ्यांतल्या नव्हेत.

सोमवारी दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. माई ठेवणीतलं नेसून आल्या होत्या, नथ घालून. प्रमिलाबाईंनी चेहऱ्यावरचं पीठ धुतलं होतं. अनेकांनी त्यांचा रंग पहिल्यांदा पाहिला. दोघी हंड्याच्या दोन बाजूंना पाटावर बसल्या. अण्णांनी हात वर केला. समोरच्या पानवाल्याने रेडिओ बंद केला. रासनेशेठनी झाकण उचललं.

"ग्रॅनी?"

आवाज लहान होता, पण स्वच्छ. शेवटी थोडा वर गेलेला, दार ढकलून आत डोकावावं तसा. गर्दीतल्या बायकांच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघालं. माईंनी ओठ मिटून घेतले. प्रमिलाबाईंचे ओठ उघडले. पण घशापर्यंत आलेली ओ त्यांनी तशीच धरून ठेवली. पहिली हाक. पहिलीला ओ द्यायची नसते.

दोघी दुसरीची वाट बघायला लागल्या. सगळं गाव वाट बघायला लागलं. दुसरी झाली की तिसरीला दोघींची शर्यत लागणार, म्हणून मागची माणसं चवड्यावर उभी राहिली. हंडा गप्प होता. एक रिक्षा आली, लोकांनी तिला हातानेच थांबवली. हंडा गप्प. शेठनी हळूच वाकून काठावर टिचकी मारली.

हंडा खणखणला.

त्या क्षणी रासनेशेठना जे कळलं ते आधी कळायला हवं होतं, आणि ते गावात कुणालाच कळलं नव्हतं. पोर तांबवड्याची नव्हती. तीन वेळा हाक मारायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या देशात माणूस एकदा हाक मारतं आणि थांबतं.

अण्णांनी जाहीर केलं, "ओ कुणीही न दिल्यामुळे हाक उडालेली आहे. हंडा विक्रीस मोकळा. सभा बरखास्त."

माई उठल्या, पदर झटकला. "आमच्याकडे रविवारी फोन येतोच," त्या म्हणाल्या. पण पायरी उतरताना त्या थांबल्या, वळल्या, आणि पुटपुटण्याच्या नव्हे, खरोखर हळू आवाजात म्हणाल्या, "प्रमिले, आमच्या पोरांचा आवाज असा नाही गं." मग गेल्या.

प्रमिलाबाई पाटावरच होत्या. "शेठ, आता ती काय करत असेल?"

"थांबली असेल."

"किती वेळ थांबतात पोरं?"

शेठना या प्रश्नाला पुष्कळ गोष्टी आठवल्या. गिऱ्हाईक रडत असलं की ते एखादी गोष्ट सांगतात. या वेळी त्यांनी एकही सांगितली नाही.

प्रमिलाबाई पुढे झुकल्या, दोन्ही हातांनी हंड्याचा काठ धरला आणि ओ दिली. गिरणीवरची ओ ती. वर्षानुवर्षं पट्ट्याच्या आवाजावरून बोलून तयार झालेला गळा, आणि त्यात पहिलीला धरून ठेवलेली, दुसरी-तिसरीसाठी राखलेली, सगळीच्या सगळी. अण्णा रस्त्यावरून ओरडले, "हाकेशिवाय ओ नियमात बसत नाही!" पण ती गेली होती. वाट बुजलेली असल्यामुळे तिला पुढे जाता येईना. हंडा काठोकाठ भरला, मग ओ त्याच्या बाहेर आली आणि दुकानातल्या सगळ्या भांड्यांत शिरली. घागरी, कळश्या, तांबे, डबे, गडू, अगदी मुंजीच्या पळी-पंचपात्रापर्यंत. फळीफळीवर गुणगुण उठली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी शेठनी एक गडू उघडला. आतून प्रमिलाबाई म्हणाल्या, "ओ." त्यांनी झाकण लावलं. डबा उघडला. "ओ." दुसरा डबा. "ओ." हाकेसारखी ती एकदा ऐकून उडत नव्हती. किती वेळा उघडा, तितक्याच मायेने.

असा माल तांबवड्यात खपणार नव्हता. सुभद्राच्या घागरीची आठवण गावाला होती. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. रासनेशेठ दिवसभर गल्ल्यामागे बसून विचार करत राहिले, आणि दुकान बंद करायच्या वेळी गिरणीवर गेले.

"वहिनी, वाट बुजली ती बुजली. पण माल दुसऱ्या वाटेने पाठवता येतो. वैजू कोणत्या गावी आहे?"

"ल वरून काहीतरी आहे हो. तेवढंच ऐकलं होतं."

"लेस्टर?"

"असेल."

"लिव्हरपूल?"

"तेही असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि गिरणी बंद केली, नीट ऐकायला.

लेस्टरला रासनेशेठचा एक माणूस होता. हसमुखभाई. सांगलीत त्याच्या घरचं आणि शेठच्या मामांचं दुकान एका भिंतीला, लहानपणी त्याने आणि शेठनी एकाच फळीवर बसून उसाचे करवे खाल्लेले. आता तो तिकडे पूजेचं सामान आणि भांडी विकत होता. शेठनी त्याला लहान गडू, डबे आणि तांबे पेट्या भरून पाठवले. आत काय आहे ते लपवलं नाही. फोनवर सांगितलं, "हसमुख, झाकण उघडलं की आवाज येईल, घाबरू नको. आमच्याकडच्या एका बाईंचा आहे. दुकानात पुढच्या फळीवर ठेव. पोरांचा हात पोचेल अशी."

"मुरलीधर, बाईंचा आवाज भांड्यात घालून पाठवतोस?" हसमुखभाई म्हणाला. "कस्टमवाल्याला काय सांगू?"

"पितळेची भांडी सांग. तेच आहे."

पेट्या गेल्या. प्रमिलाबाई रोज येताना-जाताना दुकानाकडे बघायच्या, विचारायच्या नाहीत. शेठही रोज मान हलवायचे, म्हणजे अजून नाही. उन्हाळा लागला. गिरणीवर कुरडयांच्या गव्हाची गर्दी सुरू झाली, ती संपली. एके दिवशी शेठनी पानवाल्याच्या हाती निरोप धाडला, आणि प्रमिलाबाई पिठासकट धावत आल्या. घोडकेसर तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. शेठनी फोनचा आवाज मोठा केला.

"मुरलीधर, माल संपला," हसमुखभाई पलीकडून म्हणाला. "अजून पाठव. पण एक अडचण आहे. लोक विचारतात, हे आतून बाई काय बोलते? या शब्दाचा अर्थ काय? कधी वापरतात? मी काय सांगू? एक पंजाबी म्हातारा रोज येतो, डबा उघडतो, ऐकतो, जातो. एक गोरी बाई दोन घेऊन गेली. आणि छोटी पोरं तर झाकणच लावू देत नाहीत."

"पोरं कशी आहेत?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "एखादी, दात पडलेली..."

"बाई, या वयात सगळ्यांचेच पडलेले."

शेठनी घोडकेसरांकडे पाहिलं. सरांनी सावरून सांगितलं, "प्रतिसाद दर्शवणारं अव्यय आहे."

"ते माझ्या गिऱ्हाइकांना कळणार नाही," हसमुखभाई म्हणाला. "ज्यांचा शब्द आहे त्यांनीच सांगा."

प्रमिलाबाईंनी फोन जवळ ओढला. हातावरचं पीठ त्याला लागलं. "असं सांगा," त्या म्हणाल्या, "की हा शब्द एकटा वापरत नाहीत. आधी कुणीतरी हाक मारावी लागते. मग हा म्हणायचा."

"बरं. मग गिऱ्हाइकांनी काय हाक मारायची?"

घोडकेसर काहीतरी सुचवणार होते, शेठनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जे येत असेल ते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि एकदाच मारली तरी पुरे."

हसमुखभाईने तशी चिठ्ठी छापून प्रत्येक डब्याला लावली. राहिलेली भांडीही तिकडे गेली, लोक ती उघडून आपापल्या आजीला हाक मारायला लागले, आणि रासन्यांच्या दुकानात भरलेल्या नव्या मालात सकाळच्या टिचकीला दबकी बोलणारी भांडी वाढत गेली. नॅन आली, ग्रॅन आली, नानीमा, बीबी, बा. कोणत्या देशाच्या कुठल्या शब्दाला आजी म्हणायचं यावर हाक समितीने दोन बैठका घेतल्या आणि मग समिती थकली. प्रमिलाबाई रोज गिरणी सुरू करायच्या आधी येतात, पाटावर बसतात आणि एकेक झाकण काढून पहिल्याच हाकेला ओ देतात. पहिल्यांदा लोक दचकले. आता बाजारपेठेतल्या लोकांचं घड्याळ त्यावर चालतं. मधे माईही एकदा मदतीला येऊन बसल्या होत्या, पण त्यांना तिसरीपर्यंत थांबायची सवय सुटेना.

अधूनमधून ग्रॅनी येते. कधी मुलाच्या आवाजात, कधी चांगल्या थोराड माणसाच्या. कधी लहान मुलीच्या, शेवटी थोड्या वर गेलेल्या. एकदा शेठनी न राहवून विचारलं, "वहिनी, तीच का?"

"पोरं वाढतात, शेठ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आवाज बदलतो. मी कोणती सोडू?"

म्हणून त्या एकही सोडत नाहीत. फक्त ग्रॅनी म्हणून हाक आली, की ओ देण्याआधी पदर नीट खांद्यावर घेतात, कुणी दारात येऊन उभं राहिल्यासारखा. ओ देतात. मग पुढचं भांडं ओढायच्या आधी थोडा वेळ त्या रिकाम्या भांड्यात बघत राहतात. तेवढा वेळ रासनेशेठ गिऱ्हाइकाला पायरीवर थांबवतात, आणि गिऱ्हाईकही थांबतं.